दादाच्या पोटातली जाळी

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की धाकटा सलूनचा पडदा ओढून घ्यायचा. दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत उलटा बसायचा आणि धाकटा अंगठे रोवून त्याची कंबर रगडायचा. दोघा भावांचा जन्म लोकांची डोकी नि पाठी चोळण्यात गेलेला. घरच्या पाठीसाठी डॉक्टरकडं कोण जातंय?

"जोर लाव की. जेवला नाहीस का?"

"वहिनी वाढेल तेवढंच जेवणार ना."

भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात वहिनी गालातल्या गालात हसायची. दादाच्या कंबरेतली कळ मात्र दिवसेंदिवस वाढत चालली होती.

काही वर्षांमागे दुकानाची पाटी लावताना दादा स्टुलावरून पडला. मांडी मोडली, पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. ऑपरेशन तोंडावर असल्यानं रक्त पातळ करायचं औषध देता येईना. म्हणून डॉक्टरांनी पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची जाळी बसवली. कापड फाटून नुसत्या काड्या उरलेल्या छत्रीसारखी दिसते ती. गुठळी फुप्फुसाकडं निघाली तर वाटेतच अडावी, एवढंच तिचं काम. "चालायला लागलात की काढायला या," असं त्यांनी बजावलं होतं. दादा चालायला लागला तो थेट दुकानात. "राखण करतेय बिचारी, करू दे," म्हणायचा. धाकट्यालाही ते पटलं होतं.

एका दुपारी त्याच्या अंगठ्याखाली दादाच्या तोंडून असा आवाज निघाला की तो दादाचा आहे हेच धाकट्याला कळेना. दादाचा सदरा घामानं चिंब. वहिनी ओल्या हातांनी धावत आली आणि कुणाला न विचारता तिनं गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा फोटो त्यांच्याकडं वळवला.

"जाळीच्या काड्या शीर भोसकून बाहेर आल्यात. ही मणक्याला टेकलीय, ही आतड्याला. जिथं धरून ओढायचं ते टोकच शिरेच्या भिंतीत रुतलंय. जाळीत गुठळीही अडकलीय."

"मी रोज चोळत होतो," धाकटा म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

बाईंनी त्याच्याकडं वळून पाहिलं. "त्यानंच झालं असं नाही म्हणणार मी. पण आता हात लावू नका."

राहू दिली तर काडी तुटून काळजात किंवा फुप्फुसात जायची भीती, आणि ओढली तर शीर फाटायची. मानेतून नळी घालून, रुतलेल्या जागा लेझरनं सोडवत काढू, असं बाईंनी सांगितलं.

"म्हणजे दोन्हीकडून मीच सापडलो," दादा म्हणाला.

"राहिली तर कधी काय होईल ते सांगता येत नाही. काढताना निदान मी तिथं असेन."

"मग काढा," वहिनी म्हणाली. दादाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

जाळी काढायच्या दिवशी सकाळी दादानं हट्ट धरला, दाढी धाकटाच करील. परक्या वस्तऱ्याखाली मान द्यायची नाही म्हणे. धाकट्यानं हात धुतले, पुसले, परत धुतले. कानाखाली वस्तरा निसटला. मोहरीएवढी जखम. पण गुठळीसाठी रक्त पातळ करायची औषधं सुरू होती, रक्त थांबेना. बोळ्यामागून बोळा लाल होत गेला.

"पुसत बसू नको, दाबून धर," दादा हळूच म्हणाला. "आणि बाहेर बोलू नकोस, धंदा बसेल."

धाकट्याला हसू आलं नाही.

दादाला आत नेल्यावर वहिनी नि धाकटा बाकावर बसले. मध्येच दार उघडलं, नर्स पळत गेली आणि रक्ताच्या पिशव्या घेऊन आली. दार पुन्हा लागलं. वहिनीनं पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बाटली होती, बाटलीत वाकडीतिकडी जाळी.

"शिरेतून रक्त गेलं, पण थांबवलं. ते शुद्धीवर येतायत."

वहिनी खाली मान घालून रडायला लागली. धाकटा बाटलीकडं बघत राहिला.

"ही एक काडी आखूड कशी?"

"तुटली. टोक फुप्फुसात जाऊन बसलंय. शोधायला गेलो तर जास्त नुकसान होईल. बहुतेक तिथंच राहील."

"बहुतेक?"

"खोकल्यातून रक्त पडलं, छातीत कळ आली, तर लगेच आणा."

दादा आता दुकानात येतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. पण तो खोकला की धाकट्याची कात्री हवेतच थांबते. गिऱ्हाईक वाट बघतं. दादा रुमाल उघडून आत बघतो, घडी घालतो, 'नाही' म्हणून मान हलवतो. मग कात्री चालू.