कुत्र्याचं कारण

भोसरीतल्या आमच्या सोसायटीने ठराव केला की भाडेकरूंनी कुत्री पाळायची नाहीत. ज्यांचे स्वतःचे फ्लॅट आहेत त्यांनी पाळली तर चालतील. म्हणजे सेक्रेटरींचा पांढरा केसाळ राहणार आणि आमचा म्हातारा, एका डोळ्याने अधू असलेला गावठी जाणार. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली, कुत्रा सोडा नाहीतर फ्लॅट सोडा. मी चाकणला कंपनीत जाते आणि वडील गेल्यापासून आई घरात एकटी असते. तिला दिवसभर बोलायला तो एकच जीव. त्याला रस्त्यावर सोडा म्हणणाऱ्यांच्या कानाखाली वाजवावी असं तेव्हा वाटायचं, अजूनही वाटतं.

मग एजंटांमागे वणवण सुरू झाली. फोनवर प्रश्न ठरलेले, फॅमिली का बॅचलर, व्हेज का नॉनव्हेज. कुत्रा म्हटलं की समोरचा फोनच ठेवायचा, जसं काही मी वाघ आणणार होते. मोशीत एकजण म्हणाला, गॅलरीत बांधा, आत नको. गॅलरीवर पत्रा, खाली उघडी फरशी. तुम्ही आधी एक दुपार तिथे बसून दाखवा, असं मी त्याला सांगितलं. ते घर अर्थातच मिळालं नाही.

शेवटी दिघीच्या पुढे, आळंदी रस्त्याला एक जागा जमतेय असं वाटलं. मालक तिथलेच जुने गावकरी. घराचे तीन मजले, मागे गोठा, गोठ्यात शर्यतीचे दोन बैल आणि बैलांच्या डोक्यावर पंखा. कुत्रा सोबतच न्या, काका जनावरवेडे आहेत, असं एजंटाने सुचवलं होतं. ते खरंच निघालं. काका उकिडवे बसले, त्याच्या कानामागे खाजवलं, अधू डोळा निरखून पाहिला. बैलांच्या खुराकासाठी आणलेल्या अंड्यांतलं एक फोडून त्याला वाटीत घालून दिलं. "मुका जीव हाय, ऱ्हाऊ द्या की," म्हणाले. आई तोवर वरच्या मजल्यावरची भाड्याची जागा बघून ओट्यावर शेगडी कुठे ठेवायची तेही ठरवून आली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. गाव कुठलं, त्यांनी विचारलं. लातूरकडचं, आई म्हणाली. मग आडनाव. हे आपल्याकडे सगळेच विचारतात, साखर पुरे का विचारावं तितक्या सहज. आईने सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे आमच्या आडनावावरून कळतं, आणि काकूंना ते कळलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका हात झटकत उठले आणि मुलाला विचारून कळवतो म्हणाले. आम्ही चहा संपवला. तो चहा मी का प्यायले, याचा आजही संताप होतो.

संध्याकाळी एजंटाचा फोन आला. मालकांना कुत्र्याचा प्रॉब्लेम आहे म्हणे.

आईने ते खरं मानलं. ह्याच्यापायी तुझी किती फरफट, ह्याला मावशीकडे गावी पाठवून देऊ, असं म्हणून ती त्याच्याकडे न बघता भांडी घासायला लागली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. घर नाकारा, आम्हाला ते नवीन नाही. पण स्वतःचं पाप एका मुक्या जनावराच्या गळ्यात बांधायचं, आणि माझ्या आईने त्याला घरातून काढायला तयार व्हायचं? मी एजंटाकडून काकांचा नंबर घेतला आणि आईला ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"काका, दुपारी तर त्याला अंडं खाऊ घालत होता. आता कुत्र्याचं काय झालं?"

माणूस तसा साधा. खोटं त्यांना पुढे रेटता येईना.

"ताई, कुत्र्याचं काय न्हाई वो," ते म्हणाले. "कुत्रं लई गुणी हाय."

मग कशाचं आहे ते तोंडाने सांगा, असं मी म्हटलं. आईने नळ बंद केला. ओले हात पदराला पुसत ती बाहेर आली, खाली बसली आणि कुत्र्याला मांडीशी ओढून घेतलं.

"ठिव फोन," ती म्हणाली. "ह्याला कुठंबी पाठवायचं नाही."