मानगडच्या कड्यावर

देवराम वळवींच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं, की ते खापरपणजोबांपासून सुरुवात करत. इंग्रजांनी खानदेशातल्या भिल्लांची एक पलटण उभी केली होती, तिच्यात खापरपणजोबा नाईक होते. "डोंगर उतरून गणवेश घालणारा आमच्या घरातला पहिला माणूस," असं ते अभिमानाने सांगत. ते स्वतः धडगावच्या डोंगरातून मिसरूड फुटायच्या वयात सैन्यात गेले, हवालदार होऊन जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि त्याच शहराच्या विद्याधर नगरात दोन खोल्यांचं घर बांधून इथेच राहिले. मुलांच्या शाळा इथल्या, बोलणं निम्मं हिंदी. पाड्यावर जाऊन भेटावं असं कुणी उरलंही नव्हतं.

मुलगा निलय त्याच वाटेने गेला. खरं तर त्याला गाड्यांचं वेड. गॅरेज टाकतो म्हणायचा. "आपण लढणारी माणसं, ग्रीस पुसणारी नाही," देवरामांनी विषय संपवला. सैन्यात निवड झाली नाही, तेव्हा निमलष्करी दलाच्या भरतीला त्यांनीच त्याला हाताला धरून नेलं. पुढे दंडकारण्यात, रस्त्याखाली पुरलेल्या सुरुंगाने निलयची गाडी उडाली. शवपेटीसोबत आलेल्या अधिकाऱ्याने सांगितलं, पेटी उघडू नका. त्याच्या आईने, तारामतीने, पेटीवर हात ठेवला तो पेटी उचलेपर्यंत काढला नाही.

कॉलनीतल्या चौकाला निलयचं नाव दिलं गेलं. जवळच्या शाळेत दर वर्षी कार्यक्रम होऊ लागला. देवराम मेडल लावून जात, शौर्यावर बोलत, मुलांकडून घोषणा वदवून घेत. तारामती एकदाही गेली नाही. सुरुंगाच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका मुलाचा फोटो पेपरात आला, तेव्हा देवराम म्हणाले, "फासावर चढवला पाहिजे." तारामती तो फोटो बराच वेळ बघत राहिली. "आपल्या पाड्यावरचाच वाटतो," एवढंच म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

मुलगी अनुश्री जयपूरच्याच झालाना भागातल्या एका सरकारी कार्यालयात होती. तिचा राजस्थानच्या दक्षिण टोकाला, बांसवाड्याला दौरा निघाला, तेव्हा आईवडिलांना जरा हवापालट म्हणून तिने सोबत घेतलं. काम संपल्यावर म्हणाली, "पप्पा, इथून मानगड जवळ आहे. आपल्या लोकांची जागा आहे. चला."

गाडी घाट चढून वर आली. वर सपाट माळ, मधोमध स्मारक, बाजूला धुनी, आणि पलीकडे एकदम तुटलेला कडा. खाली गुजरातेतली सुकत चाललेली शेतं. धुनीपाशी दशरथ नावाचा एक म्हातारा भिल्ल लाकडं रचत होता. त्याची वागडी बोली देवरामांच्या आईच्या बोलीजवळची होती. तिच्यातले शब्द ऐकून त्यांना बरं वाटलं. ते त्याच्याशेजारी बसले.

दशरथने सांगितलं, १९१३ सालची गोष्ट. संस्थानांची वेठबिगार आणि सारा यांना कंटाळलेले भिल्ल आपल्या गुरूच्या शब्दावर या डोंगरावर जमले. बायकापोरं घेऊन आले. फौजेने डोंगराला वेढा घातला आणि गोळ्या झाडल्या. पळायला जागा एकच होती, कड्याच्या बाजूला. लोक सांगतात, दीड हजार गेले.

"त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?" देवरामांनी विचारलं.

"नावं कोण लिहिणार? आपापल्या घरात आठवतील तेवढी."

"आणि फौज कुणाची?"

"इंग्रजांची. संस्थानांची." दशरथने एक लाकूड पुढे सारलं. "आणि भिल्लांची पलटण."

देवराम अनुश्रीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो. पण ती मेवाडची पलटण होती, पप्पा. आपली नाही."

"मग आपली काय करत होती?"

अनुश्रीने नजर धुनीकडे वळवली.

"बोल, अनु."

"सातपुड्यात भिल्ल उठले, तेव्हा त्यांच्यावर भिल्लच पाठवले होते. त्यासाठीच तर उभी केली होती ती पलटण."

देवराम उठले आणि सरळ कड्याकडे चालत गेले. अनुश्री मागे निघाली, तर तारामतीने तिला थांबवलं आणि स्वतः गेली. कठड्याजवळ ते उभे होते. वारा जोराचा होता.

"त्याला गॅरेज टाकायचं होतं," देवराम म्हणाले. निलय गेल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"मला ठाऊक आहे."

"तारा, मीच त्याला..."

"नका बोलू. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. आज करीन असंही नाही. पण आधी इथून मागे या."

ते मागे आले. लहान मुलासारखे तिच्या मागोमाग चालत आले.

तारामतीने धुनीत वाहायला नारळ घेतला. दशरथने विचारलं, "कुणाच्या नावाने?"

"मुलाच्या. जंगलात गेला."

दशरथने देवरामांच्या ताठ मिशांकडे, पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं. "फौजेत होता?"

"फौजेसारखंच," तारामती म्हणाली. "ज्यांनी मारलं तेही आपल्यासारखेच."

दशरथ या बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. जागेवरून थोडा बाजूला सरकला. तारामतीने नारळ आत ठेवला. शेंडी पेटली, मग करवंटी तडकली. देवराम हात जोडायला गेले, पण हात वर आलेच नाहीत. 

हिवाळ्यात शाळेचं बोलावणं आलं. देवराम गेले, पण मेडल न लावता. माईकसमोर उभं राहून त्यांनी मुलांना सांगितलं, "निलयला गाड्या दुरुस्त करायला आवडायचं. चांगला हात होता त्याचा. मी त्याचं ऐकायला हवं होतं." सभेत चुळबुळ झाली. मुख्याध्यापकांनी घाईने माईक घेतला आणि स्वतःच घोषणा दिल्या. मुलांनी त्या परत म्हटल्या.

घरी आल्यावर तारामतीने विचारलं, "काय बोललात?"

त्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्यांचं ताट वाढलं. त्या दिवशी ती जेवायला त्यांच्याशेजारी बसली नाही, पण रोजच्यासारखी आत निघूनही गेली नाही. दाराला टेकून, ते जेवेपर्यंत उभी राहिली.

पुढच्या वर्षी शाळेने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं.