कार्ब्युरेटरला नेलपॉलिश

व्हिएतनाममधल्या एका गॅरेजात मी अख्खी दुपार एका कार्ब्युरेटरवर पहारा देत बसलो होतो. कार्ब्युरेटर माझा नव्हता. मोटरसायकलही माझी नव्हती. माझा होता तो फक्त पासपोर्ट, आणि तो गाडी भाड्याने देणाऱ्या बाईंच्या कपाटात होता.

लग्नाच्या वाढदिवसाला मी आणि मेघना फिरायला गेलेलो. (व्हिएतनामच का? कारण ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतले निम्मे लोक जाऊन आले होते आणि उरलेल्यांना त्यांचे फोटो बघून झोप येत नव्हती.) शेवटच्या दिवशी डोंगरात जायला गाडी घेतली. बाईंनी डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितला. त्यातला फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि कपाटाला कुलूप घालून ते ओढून बघितलं. पुढे घाटात गाडीने उचक्या दिल्या आणि मान टाकली. ढकलत ढकलत कसंबसं गॅरेज गाठलं. विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं!

"गाडी आज परत गेली नाही तर काय करायचं गं?" मी विचारलं.

"मी ठाण्याला पोचले की फोन करते तुला," मेघना म्हणाली. तिचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होता.

आता, मेकॅनिक म्हटला की मला संशय येतो. हा माझा स्वभाव नव्हे, हे मला सासुरवाडीकडून मिळालंय. माझे सासरे अप्पा डोंबिवलीला राहतात. जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. एकदा दुरुस्तीला दिलेला मिक्सर परत आला तेव्हा आतली मोटर दुसऱ्याची होती, असं त्यांचं ठाम मत आहे. (सासूबाईंच्या मते मोटर तीच होती, खोबरं जास्त होतं.) तेव्हापासून त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला जाण्याआधी तिला नेलपॉलिशचा ठिपका लागतो. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, एकदा तर अप्पांची कवळी!

मेघनाने नेमका तेव्हाच माझ्या मोबाइलवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"जावईबापू, इंजिन उघडलं का त्याने?"

"उघडतोय, अप्पा."

"खुणा केल्यात?"

"अहो, भाड्याची गाडी आहे!"

"मग तर केल्याच पाहिजेत! उद्या त्या बाई म्हणाल्या, चांगले पार्ट तुम्हीच विकून खाल्लेत, तर काय दाखवणार आहात? मेघनाकडे नेलपॉलिश असेल. लावा!"

मला हे एकदम पटलं. (तिथेच माझं चुकलं.)

मेकॅनिक तरुण होता आणि सारखा हसत होता. मला ते हसणंच खटकलं. आमचा माजिवड्याचा मेकॅनिक फक्त बिल सांगताना हसतो. याने प्लग काढला, मी ठिपका लावला. त्याने कार्ब्युरेटर काढला, मी ठिपका लावला. हळूहळू त्याचं हसू मावळलं. त्याने मोबाइल तोंडाशी धरून काहीतरी म्हटलं आणि मोबाइल बाईच्या आवाजात, शुद्ध मराठीत बोलला, "महोदय, आपला श्वास माझ्या मानेवर येत आहे."

मी मागे सरकलो आणि पुढे वाकलो. तेवढ्यात नेलपॉलिश संपलं.

"मेघना, टिकल्या आहेत का?"

"इंजिनाला? माझ्या टिकल्या?"

"अप्पाच सांगतायत."

"मग अप्पांना त्यांच्या टिकल्या लावायला सांग!"

पण दिलं तिने पाकीट. मी सिलिंडरला मधोमध टिकली लावली. मेकॅनिक बघतच राहिला. मग त्याने आपला मोबाइल पान्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. कॅमेरा माझ्याकडे.

"अप्पा, हा पार्टचे फोटो काढतोय. गिऱ्हाईक शोधत असणार!"

"शंकाच नको! डोळ्यात तेल घालून बसा!"

मी बसलो. जेवून मेकॅनिक टांगलेल्या झोळीत आडवा झाला, तेव्हा कार्ब्युरेटर मांडीवर घेऊन बसलो. मेघना नूडल्स खाऊन आली, मी उपाशी! मेकॅनिकही एक डोळा उघडा ठेवून झोपला होता. हा इसम झोपेतसुद्धा लबाड आहे, अशी माझी खात्री पटली.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. मी सगळे ठिपके तपासले, टिकल्या तपासल्या. एकही पार्ट बदललेला नव्हता! डोंबिवलीतून अप्पांनी टाळ्या वाजवल्या.

भाड्याच्या दुकानात बाईंनी वाकून इंजिन पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आता त्यांचा मोबाइल मराठीत बोलू लागला.

"हे भाग माझे नाहीत. माझ्या गाडीवर लाल ठिपके नव्हते."

"ठिपके आम्ही लावले!"

"कशासाठी?"

"कोणी पार्ट बदलू नये म्हणून!"

बाईंनी मोबाइल पुन्हा तोंडाशी धरला. "म्हणजे भाग कसे बदलतात, हे आपल्याला माहीत आहे."

मी मोबाइलवरच्या अप्पांकडे आशेने पाहिलं.

"जावईबापू, ठिपके पार्ट काढायच्या आधी लावलेत की नंतर?"

"नंतर."

"मग काही उपयोग नाही हो. बाईंचं बरोबर आहे."

मला खरोखर रडू यायला लागलं. पासपोर्ट कपाटात, विमान पहाटे आणि सासरे बाईंच्या पार्टीत! मेघना शांतपणे आपल्या मोबाइलवर विमानाची सीट निवडत होती. "खिडकीची घेते रे. एकच."

शेवटी बाईंनी मेकॅनिकला बोलावून घेतलं. तो आला आणि त्याने मोबाइल पुढे केला. हा परदेशी माणूस पार्ट चोरायला बसलाय या संशयाने त्याने दुपारभर माझा व्हिडिओ काढला होता! गाडीशेजारी काढून ठेवलेला प्रत्येक पार्ट पुन्हा त्याच गाडीत बसेपर्यंत त्यात दिसत होता. मीही दिसत होतो. वाकलेला, प्लगचा वास घेणारा, कार्ब्युरेटरला मांडीवर थोपटणारा. (थोपटल्याचं मला अजिबात आठवत नाही.) बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. शेजारच्या दुकानदारांना बोलावून त्यांनी तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि मग कुठे कपाट उघडलं.

मी पासपोर्ट घेतला आणि आत फोटो माझाच आहे ना, ते तपासलं.

पहाटे विमानतळावर तोबा गर्दी. रांगेत मी मेघनाला म्हटलं, "एखादी टिकली उरलीय का गं? मलाही लाव एक. एवढ्या गर्दीत तुझा नवरा बदलला तर?"

तिने पर्समध्ये पाहिलं. "आहे एक."

"मग लाव की!"

"नको," पर्स बंद करत ती म्हणाली. "बदलतोय का बघू दे."