आप्पांचा ओटीपी

आमच्या घरातल्या अकरा माणसांची आधारकार्डं आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोबाईल नंबराला जोडलेली होती, आणि आप्पांना जाऊन पाच महिने झाले होते.

ही व्यवस्था माझी. गावात आधारचं शिबिर भरलं तेव्हा घरातला शिकलेला माणूस म्हणून सगळ्यांचे अर्ज मीच भरले. (मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकांच्या सहवासात माणूस शहाणा होतो असा आमच्या गावात समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही.) मोबाईल नंबराच्या रकान्यात मी अकरा वेळा आप्पांचा नंबर लिहिला. कारण माझा लिहिला असता, तर गॅसपासून रेशनपर्यंत सगळे निरोप मला आले असते. सगळ्यांना मात्र सांगितलं, "घरातल्या कर्त्या माणसाचा मान असतो!"

आप्पांनी तो मान लई गंभीरपणे घेतला. कन्नड गावाच्या पुढं माळावर मेंढरं वळता वळता ते अकरा जणांचे ओटीपी सांभाळायचे. माझी पुतणी सविता पडेगावात, म्हणजे शहरात, आमच्याकडं राहून शिकते. दरवर्षी तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली की ती आप्पांना फोन करायची, आणि आप्पा मेंढरं मोजल्यासारखे एकेक आकडा लांबवत सांगायचे, "चाऽर... मग साऽत... परत साऽत..." मेंढरू मोजताना चुकलं तर चालेल, पण नातीचा आकडा चुकायचा नाही!

असे आप्पा शेवटचे काही महिने मायबरोबर आमच्या पडेगावच्या घरी राहायला होते, आणि तिथंच सातच्या बातम्या बघता बघता गेले. त्यांना गावी नेलं. आमच्यात माणसाला पुरतात, आणि त्याच्या रोजच्या हातातली एखादी वस्तू सोबत देतात. कुणी म्हणालं काठी, कुणी म्हणालं पान-तंबाखूची चंची. मी तिथं एक छोटं भाषण केलं. काठी ही भूतकाळाची खूण आहे, आप्पा हे बदलत्या काळाशी नातं जोडणारे मेंढपाळ होते, वगैरे. थोडक्यात, मोबाईल द्यावा. माणसं गहिवरली. कुणीतरी "वा!" सुद्धा म्हणालं. माय तेवढी गप्प होती. मोबाईलच द्यायचा हे मी पडेगावहून निघण्याआधीच ठरवलं होतं, आणि तेव्हा घरीच तो माझ्या हातातून घेऊन ती म्हणाली होती, "दे इकडं. मी बांधते फडक्यात."

तेव्हापासून आमच्या घरात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, टीव्हीचा रिमोट हरवला. मी सविताला विचारलं, बायकोला विचारलं, शेजाऱ्यांकडं संशयानं पाहिलं. दोन, टीव्ही संध्याकाळी सातला आपोआप सुरू व्हायला लागला. आणि बातम्याच लागायच्या.

"आप्पा आले," सुमन, म्हणजे माझी बायको, पहिल्या दिवशी म्हणाली.

"साडेसहाला वीज जाते, सातला येते," मी समजावलं. "वीज आली की हा टीव्ही चालू होतो. शेवटचं चॅनेल लक्षात ठेवतो. रिमोट नाही, म्हणून चॅनेल बदलत नाही. याला विज्ञान म्हणतात."

"बरं," सुमन म्हणाली, आणि टीव्हीसमोरच्या आप्पांच्या खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून खुर्ची मोकळी करून दिली.

आता शिष्यवृत्तीकडं येतो. सविता एमएस्सीला आहे, रसायनशास्त्र. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, मेंढरं घेऊन आठ महिने मुलखावर, म्हणजे चाऱ्यासाठी गावोगाव फिरत असतो. जाताना तो एकच वाक्य बोलून गेला होता, "शिष्यवृत्ती आली तर शीक, नाय आली तर वाड्यावर ये." वाडा म्हणजे मेंढरांचा उघड्यावरचा तळ. अर्ज मी भरणार होतो. सुरुवातीला गर्दी असते, मधे सर्व्हर बंद असतो, म्हणून जाणत्या माणसानं शेवटच्या दिवशी भरावा असं माझं मत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी दीड वाजता आम्ही इम्रानभाईंच्या दुकानात बसलो होतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळ्या योजनांचे अर्ज. कॉलेजच्या क्लार्कनं सविताला बजावलं होतं, सहापर्यंत अर्ज दिसला नाही तर पूर्ण फी भर, नाहीतर जागा सोड. उत्पन्नाचा दाखला चढला, जातीचा चढला, गुणपत्रिका चढली. मग पडद्यावर शांतपणे ओळ उमटली: आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. खाली त्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे.

सविता माझ्याकडं बघायला लागली. मी लॅमिनेशनच्या मशीनकडं.

"सर, नंबर किसका है?" इम्रानभाईंनी विचारलं.

"वडिलांचा."

"तो उनको फोन लगाओ ना."

"ते वारले."

"अल्ला... माफ करना. लेकिन मोबाईल तो घर में होगा?"

"तो त्यांच्यासोबत आहे."

"मतलब?"

"पुरलाय."

इम्रानभाईंनी माउसवरचा हात काढून घेतला. "सर, बीस साल से ये धंदा कर रहा हूँ," ते हळू आवाजात म्हणाले. "अंगूठा नहीं लगा, चेहरा नहीं जमा, नाम गलत, सब देखा. ये पहली बार है."

आधार केंद्रात नंबर बदलून मिळतो, पण त्याला काही दिवस लागतात. आमच्याकडं साडेचार तास होते.

"नाना, मी मेंढरं राखायला भीत नाय," सविता मला म्हणाली. आवाज साधाच होता, पण ती दाखल्यांची फाईल उगाचच उघडत-मिटत होती. "पण मग पाच वर्षं जे शिकले, ते कुणाला सांगू? मेंढरांना?"

आणि तिनं, काही सुचेना म्हणून, तो नंबर लावला.

रिंग गेली.

पाच महिने जमिनीखाली असलेल्या फोनची रिंग! इम्रानभाईंनी पंखा बंद केला. सवितानं स्पीकर लावला. सहा रिंग झाल्या, सातव्या रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो?" मी म्हणालो.

पलीकडं कुणी बोललं नाही. नुसता वारा. मग एक श्वास, दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. आणि त्यामागं, लांबून, एका घंटेचा आवाज. ती घंटा मी ओळखत होतो. आप्पांच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली. चीर गेल्यामुळं ती टण् न वाजता टक् वाजते.

टक्. टक्. आणि फोन कट झाला.

"नंबर किसी और को मिला होगा," इम्रानभाई म्हणाले, पण टोपी काढून परत नीट घालत. "रिचार्ज नहीं किया तो कंपनी दूसरे को दे देती है."

"त्याला मेंढी पण देती का?" सवितानं विचारलं.

मी मात्र एकाच मुद्द्यावर अडकलो होतो. गेले पाच महिने रिचार्ज कोण करतंय? आप्पा व्यवहाराला चोख होते, पण इतके?

गावात फोन करून कुणाला काय सांगायचं? जरा आमच्या आप्पांना उठवा? मायकडं मोबाईल नाही, भाऊ रेंजच्या बाहेर. शेवटी ठरलं की सविता दुकानात बसेल, आणि मी गावी जाऊन... वाटेत घरी जाऊन सांगितलं, तर सुमननं स्कूटरच्या डिकीत पाण्याची बाटली ठेवली. तिच्याशेजारी एक खुरपं ठेवलं.

"हे कशाला?"

"असू द्या," ती म्हणाली, आणि माझ्या नजरेला नजर न देता आत गेली.

दौलताबाद मागं पडलं, वेरूळचा घाट चढलो. भुतं नसतात हे मी स्वतःला हेल्मेटच्या आत मोठ्यानं सांगत होतो. (हेल्मेटमध्ये आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. हा अनुभव अशा वेळी घेऊ नये.) शेतात पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. ऊन होतं, पण धुळीमुळं पिवळं पडलेलं. माणूस नाही, पाखरू नाही. बांधाच्या टोकाला आप्पांच्या जागेवर रचलेला कमरेएवढा दगडांचा ढीग, शेजारी एक बाभूळ. मेंढी दिसत नव्हती. पण घंटा वाजत होती. टक्.

माझ्या फोनला रेंज नव्हती. एक पाऊल पुढं गेलो, नाही. दुसरं, नाही. अगदी ढिगाला पोट टेकलं तेव्हा दोन काड्या आल्या. संपूर्ण शिवारात रेंज आली ती नेमकी आप्पांच्या उशाशी! मी त्यांचा नंबर लावला.

ढिगातून कोंबडा आरवला.

आप्पांच्या फोनची रिंग ती. आप्पा जिवंत असताना त्या कोंबड्यानं मला दहा वेळा झोपेतून उठवलं होतं, पण असं उभ्याउभ्या कधी बसवलं नव्हतं. मी खाली बसलो. पाठ केलेले सगळे विवेकवादी युक्तिवाद आठवायचा प्रयत्न केला. एकाचीही सुरुवात आठवेना. मग माझ्याच तोंडून शब्द बाहेर पडायला लागले.

"आप्पा, चुकलं माझं. मान म्हणून नव्हता लिहिला तुमचा नंबर. मला कटकट नको होती म्हणून लिहिला. आणि मोबाईल पण... भाषण चांगलं झालं म्हणून तसंच रेटलं. पण पोरीचा यात काय दोष? सहापर्यंतच वेळ आहे. तिला वाड्यावर जावं लागंल, आप्पा."

कोंबडा थांबला. वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. तेवढ्यात माझ्या फोनवर सविताचा फोन आला. कानाला लावायच्या ऐवजी मी तो दगडावर ठेवून स्पीकरच लावला.

"नाना, ओटीपी परत पाठवलाय बघा. दहा मिनिटं आहेत. सापडला का फोन?"

ढिगातून "टिंग" असा आवाज आला. आणि मग दगडांपलीकडून, संथ, लांबवत, मेंढरं मोजावीत तसे आकडे यायला लागले.

"साऽत... मग दोऽन... परत दोऽन..."

मी मान वर केली नाही. खरं सांगतो, नाहीच केली. डोळे गच्च मिटून ऐकलेला आकडा फोनमध्ये सांगत गेलो. "सात. दोन. परत दोन."

"मग शूऽन्य... नऊऽ... चाऽर. झालं."

पलीकडं कीबोर्ड बडवल्याचा आवाज, मग इम्रानभाईंची आरोळी, "हो गया! सर, हो गया!"

"नाना!" सविता ओरडली. "अर्ज गेला! पण कोण वाचत होतं?"

"आप्पा," मी म्हणालो.

तेवढ्यात ढिगामागून एक काळी घोंगडी उभी राहिली, आणि मी बाभळीत पडलो.

"उठ की रं," घोंगडी म्हणाली. "काट्यात कायला लोळतूस?"

माय होती. हातात आप्पांचा मोबाईल, कमरेला त्याचा चार्जर गुंडाळलेला. बांधाखालच्या ओघळीत आप्पांची म्होरकी मेंढी शांतपणे पाला खात होती.

"माय! तू? हा फोन?"

"मग कुणाचा? तुज्या आप्पाचा हाय. रोज ह्या टायमाला माळावरनं मला फोन करायचा त्यो, वाण्याच्या दुकानात. 'भाकर खाल्ली का' म्हणायचा. पन्नास वरसं कधी घरात इचारलं नाय, फोनवर रोज इचारायचा. त्यो फोन मातीत घालू व्हय?"

"पण मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं भाशान देत हुतास. माणसं रडत हुती. मधी कशी बोलू?" तिनं माझ्या सदऱ्यातला एक काटा उपटला. "आन् दुपारी तुजा आवाज आला तवा वाटलं, घावली चोरी. म्हून बंद केला. वाण्याकडनं भरते पैसे मी दर महिन्याला. लोकरीचं असत्यात थोडं."

"आणि आकडे वाचायला कधी शिकलीस?"

"पोरीचे आकडे आप्पा मोठ्यानं सांगायचा तवा मी न्याहारी घिऊन माळावर शेजारीच असायची नं. कुठलं बटन दाबायचं, कसं वाचायचं, समदं ठाव हाय." मग जरा थांबून म्हणाली, "मला कुणी इचारलंच नाय."

अकरा माणसांच्या अर्जात मी तिचाही नंबराचा रकाना भरला होता, तिला न विचारता. आम्ही तिघं, म्हणजे माय, मी आणि मेंढी, थोडा वेळ तिथंच बसलो. उठताना मला आठवलं.

"माय, मग त्या फडक्यात काय बांधलंस? आम्ही आप्पांसोबत पुरलं काय?"

मायनं पदर तोंडाला लावला. "घाईत काय घावंना. तुज्या टीव्हीपाशी ते व्हतं ना, काळं, बटनाचं. तसंच दिसत हुतं. तेच बांधलं."

मी अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून स्कूटर हाणली. सुमनला आणि सविताला सगळं सांगितलं, तेव्हा दोघी आधी हसल्या, मग एकदम टीव्हीकडं वळल्या. कारण घड्याळात सात वाजत होते आणि त्या दिवशी वीज गेलेलीच नव्हती.

टीव्ही सुरू झाला. बातम्या लागल्या. मग आवाजाच्या हिरव्या काड्या पडद्यावर उमटल्या आणि एक, दोन, तीन अशा वाढल्या. आप्पांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं.

सविताची शिष्यवृत्ती मंजूर झाली. आधारला आता अकरा जणांचे नंबर बदलले आहेत. अकराही मायच्या नावानं घेतलेल्या नव्या नंबरावर आहेत, आणि या वेळी तिला विचारून. मी नवा रिमोटही आणला आहे. भुताखेतांवर माझा आजही काडीचा विश्वास नाही, हे मी ग्रंथालयात सगळ्यांना ठामपणे सांगतो. फक्त संध्याकाळी सात ते साडेसात मी रिमोटला हात लावत नाही, खुर्चीवर कपडे टाकत नाही, आणि जाहिरात लागली की हळूच विचारतो, "आप्पा, चॅनेल बदलू का?"