चाचांचा स्कोप आन् माझे डोळे

गाढवपणाचे किस्से साठवावे लागत न्हाईत, भंगारासारखे आपोआप साठतात. इंदापुरात सलीमचाचांच्या रिपेरिंगच्या दुकानात मी एकेचाळिसाव्या वर्षी कामाला लागले, तेव्हापासून माझा ढीग पार छताला लागलाय! चाचांची नजर चालली होती. ती पुरती जायच्या आत मला त्यांचा जुना स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, शिकवायचा, एवढाच त्यांचा ध्यास.

*

पहिल्याच आठवड्यात स्कोपचा पडदा काळाकुट्ट. मी गिऱ्हाइकाला सांगून मोकळी, "तुमचा बोर्ड मेला!"

चाचांनी चाचपडत ट्रिगर सोर्सचा खटका फिरवला. लाट कुणाच्या तालावर उभी करायची, ते हा खटका ठरवतो. मी तो 'एक्सटर्नल'वर, म्हणजे बाहेरच्या तालावर ठेवलेला, आणि तिथं वायरच जोडलेली न्हाय!

खटका फिरला, लाट उभी राहिली.

"पोरी, मयत सांगायच्या आधी नाडी तरी बघत जा."

*

मग एकदा प्रोब, म्हणजे बोर्डाला टेकवायची सुई, चॅनेल एकला आणि सोर्स चॅनेल दोनवर. लाट पडद्यावरनं पळतीय, मी बटणं पिळत तिच्या मागं. बोर्ड घेऊन आलेले कऱ्हाटीचे तात्या तासभर स्टुलावर बसून बघत होते.

"बाई, आधी कोण दमणार? ती का तुमी?"

*

मग मला त्याच खटक्यावर 'लाईन' सापडली. म्हणजे घरच्या लाईटचा ताल. पॉवर सप्लायची लाट त्यावर शहाण्यासारखी उभी राहायची. मी खटका तिथनं हलवलाच न्हाय.

सांगवीच्या आबांचा अंडी उबवायच्या मशीनचा बोर्ड आला. त्याच्या पल्सचा आणि लाईटचा ताल वेगळा, त्यामुळं लाट पळायला लागली. मी म्हटलं, आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, गेला! चांगला आयसी उपटला. नवा येईस्तोवर दोन दिवस मशीन गार.

आबांनी एक अंडं आणून टेबलावर फोडलं. आत पिल्लू पुरं तयार, पिसांसकट.

चाचा म्हणाले, "आबा, माझी नजर चुकली."

तवापासनं गिऱ्हाईक दारातनंच म्हणायचं, "बाई, तुमीच बघा. चाचांस्नी दिसत न्हाय." आणि मी मान डोलवायचे!

*

परवा दुपारी चाचा स्कोपसमोर येऊन बसले. मी बटण दाबलं. हिरवी लाट स्वच्छ उभी, सोर्ससुद्धा पहिल्या झटक्यात बरोबर! चाचा पडद्याला नाक टेकवून बसले.

"लाव की स्कोप."

मी म्हटलं, "लाईट गेलीया, चाचा."

"व्हय?" चाचा म्हणाले. "मग डोक्यावरचा पंखा कोण फिरवतंय?"