छोट्या अक्षरातली चिमणी

ताईंना लहानपणापासून एक खोड होती. कोणी नुसतं ‘बासरी’ म्हटलं, तरी त्यांच्या कानात बासरी सुरू व्हायची. समोरचा काय बोलतोय ते मग वाऱ्यावर. आई म्हणायची, “हिला हाक मारायची तर आधी हिला शोधून आणावं लागतं.” स्वतः मात्र त्या कुठलंच वाद्य शिकल्या नाहीत. हातून निघणारा सूर मनातल्या सुराच्या जवळपासही फिरकायचा नाही, म्हणून त्यांनी नाद सोडला. पुढे ध्वनिमुद्रणांच्या संग्रहालयात सूची करण्याची नोकरी लागली, आणि ही खोड पगारी झाली.

त्यांची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला होती. भिंतभर टेपांचे खोके, आणि दुपारी खिडकीतून येणारं ऊन त्यांच्यावरून हळूहळू सरकत दारापर्यंत जायचं. ताई टेबलाशी बसून वाद्यांची नावं टाइप करायच्या, आणि टाइप केलेलं प्रत्येक वाद्य त्यांच्या मनात हळूच वाजून जायचं.

मोठ्या साहेबांचा आवडता शब्द ‘एकसारखं’. त्यामुळे त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना एकसारखे साहेबच म्हणत. एक दिवस ते खाली आले.

“ताई, सूचीत मोठ्या ‘व्ही’चं व्हायोलिन वेगळं आणि छोट्या ‘व्ही’चं वेगळं. संगणकाच्या लेखी ही दोन वाद्यं झाली. शोधणाऱ्याला अर्धंच सापडतं.”

ताईंनी मान हलवली. रोमन अक्षरांतली ती सूची पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या हाती गेली, त्यानं आपापल्या मनासारखी लिहिली होती.

“माणसाचं नाव मोठ्या अक्षरानं, वाद्याचं छोट्या. सगळं एकसारखं,” साहेब म्हणाले आणि गेले.

ताई कामाला लागल्या. पियानो छोटा झाला, तुतारी छोटी झाली, ड्रमसुद्धा. ताईंना वाटायचं, मैफलीत ताठ उभे असलेले हे सगळे आता एकेक करून सतरंजीवर बसताहेत. घरी यजमान चहा पिताना विचारायचे, “आज कोणाला खाली बसवलंस?”

अडलं ते एका टेपपाशी. वाद्याचं नाव, चिमणी. एका सुतारानं कपाटाच्या जुन्या फळीतून घडवलेलं, मांडीवर आडवं ठेवून गजानं वाजवायचं. नाव बायकोच्या लाडक्या हाकेवरून ठेवलेलं, असं खोक्यातल्या चिठ्ठीत सुताराच्या पत्त्यासकट लिहिलं होतं. जगात ते वाद्य एकच. मग हे माणसाचं नाव, की वाद्याचं? ताईंनी टेप लावली. आवाज जाडसर होता, झोपेतून नुकतं उठलेल्या माणसासारखा. त्या ऐकत राहिल्या आणि ऊन दाराबाहेर निघून गेलं तरी त्यांना पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सुतारकाकांच्या घरी पोचल्या. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर म्हातारा-म्हातारी राहत होती. दारातच लाकडाच्या भुशाचा वास. ताईंनी अडचण सांगितली.

काका म्हणाले, “मोठंच अक्षर हवं. माझ्या बायकोचं नाव आहे ते. ढोल-पिपाण्यांच्या रांगेत बसवायचं नाही.”

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “छोटं करा हो बाई.”

“चिमणे, तुला कळत नाही.”

“मला सगळं कळतं. मोठं अक्षर म्हणजे एकुलती एक. मी एक आहे तेवढी पुरे झाली तुम्हाला. वाद्य तरी छोट्या अक्षरात राहू द्या, म्हणजे कोणाला वाटेल, आपणही एखादी चिमणी करून बघावी. नाहीतर तुमच्यामागे ती माळ्यावर धूळ खात पडायची.”

काका रुसले. खिडकीकडे तोंड करून बसले. मग बऱ्याच वेळानं उठले, वाद्य मांडीवर घेतलं आणि वाजवू लागले. काकूंचे हात थांबले. ताईंना वाटलं, खोली पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी किंचित हलते आहे. वाजवून झाल्यावर काका एवढंच म्हणाले, “लिहा छोटं. पण ती कशी करायची ते मी सांगतो, तेही लिहून घ्या. लोक वाटेल तशी ठोकतील.”

ताईंनी फळीची जाडी, तारांचं अंतर, गजाचा बाक, सगळं उतरून घेतलं आणि सूचीत टेपच्या नोंदीला जोडून दिलं. साहेबांनी नोंद पाहिली. वाद्याचं नाव छोट्या अक्षरात होतं, एवढ्यावर ते खूश झाले.

दोन-तीन वर्षं गेली. मग एके दिवशी टपालानं एक टेप आली. दूरच्या एका गावातल्या शिक्षिकेनं सूचीतली ती नोंद वाचून वाद्य घडवलं होतं आणि वाजवून पाठवलं होतं.

ताई टेप घेऊन तडक सुतारकाकांकडे गेल्या. काकांचे हात आता थरथरत होते, वाजवणं सुटलं होतं. तिघंही ऐकत बसली. सूर तोच होता, पण थोडा कोवळा. काकूंनी पदरानं डोळे टिपले.

काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “हिची तिसरी खुंटी सैल आहे. तिला कळवा.”

“कळवते,” ताई म्हणाल्या, आणि काकूंनी ती टेप पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.