कौलं उतरवली ती सकाळ

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलणं. म्हैसुरात थंडीत घरोघरी हेच चालतं. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, साल बोटांत राहते, दाणा टुणकन परातीत. माझे दाणे परातीबाहेर जायचे. ती म्हणायची, "घोडदळात काढलीत ना वर्षं? नेम दिसतोच आहे."

त्या दिवशी सकाळीच गल्लीत मेलेला उंदीर सापडला होता. प्लेगचा हुकूम सगळ्यांना ठाऊक होता. गल्ली रिकामी करा, माळावरच्या झोपड्यांत राहा, कौलं उतरवून घरात ऊन येऊ द्या, आजारी माणूस लपवू नका. आमची गल्ली जुन्या मराठा शिपायांची, बाया गोशातल्या. आजारी बाईला परक्या पुरुषानं हात लावायचा म्हणजे मरणाहून वाईट. माजघरात लपवायची, हीच रीत.

मी चिडून म्हटलं, "हा हुकूम आपल्या महाराजांचा नाहीच. त्यांना गोऱ्या साहेबानं दाबलं, साहेबाला विलायतेनं. तिकडचे देश म्हणतात, प्लेग आवरा, नाहीतर तुमचा माल आमच्या बंदरात नको. आणि आमचे महाराज हो म्हणतात."

दाणा दाबत ती म्हणाली, "लग्नात माझ्या बापानं तुमच्या लोकांचं काय काय ऐकून घेतलं, आठवतं? रुसवे, मानपान, सगळं. भित्रा होता का तो?"

"नव्हता."

"पोरगी नांदायला हवी होती त्याला. महाराजांना तर सगळ्या मुलखाच्या लेकी नांदवायच्यात."

भीतीही असणारच, असं मी आजही म्हणतो. गादी साहेबाच्या मर्जीवर, कोण भिणार नाही? पण नुसती भीती नव्हती, हे तिचं खरं.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. काखेत गाठ. मी माजघराचं दार लावायला उठलो.

"लावू नका. शेजारी लेकरं आहेत."

"गल्ली काय म्हणेल?"

"म्हणू दे. महाराजांचा हुकूम शिपायाच्या बायकोनं नाही पाळायचा तर कुणी?"

तोंडावरचा पदर मागं सारून, माझा हात धरून, ती भर गल्लीतून प्लेगच्या दवाखान्याकडे चालत निघाली. ओट्यांवरचे पुरुष खाली बघत होते. मी नाही बघितलं. आमच्या घरात आज्यापणज्यांच्या तलवारी आहेत, त्यांच्या लढाया ऐकत मी वाढलो. पण त्या चालण्याच्या तोडीचं मी काही ऐकलं नाही.

दवाखान्यातच ती गेली. तोंड मला लांबूनच दिसलं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सरकारी माणसं यायच्या आधी, मी शिडी लावली आणि घराची कौलं एकेक करून उतरवली. ऊन चुलीपर्यंत गेलं. परात तिथंच होती, दाणे सुकलेले.

समोरचा म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "एवढा भ्यालास काय रे साहेबाला?"

मी वरूनच विचारलं, "काका, तुमच्याकडे शिडी आहे का? नसली तर ही दुपारी मोकळी होईल."